नावं दुसऱ्याच दिवशी कळली होती : स्टीफन लॉरेन्स खून खटला आणि लंडनचे पोलीस

मेधा_लंडन
आम्ही आग्नेय लंडनमध्ये राहायला येऊन अकरा वर्षं झाली. एल्टम आमच्याकडून बसने वीस मिनिटं. तिथे वेल हॉल रोडच्या फुटपाथमध्ये स्टीफन लॉरेन्सच्या आठवणीचा एक दगड बसवलेला आहे. त्याच्या शेजारून मी कितीतरी वेळा गेले असेन, कधी खाली पाहिलं नव्हतं. या वर्षी २२ एप्रिलला मुलीच्या शाळेत स्टीफन लॉरेन्स दिवस पाळला. घरी येऊन तिने विचारलं, "पोलिसांना खुन्यांची नावं दुसऱ्याच दिवशी कळली होती ना? मग शिक्षा व्हायला अठरा वर्षं कशी लागली?" मला धड सांगता आलं नाही. त्यानंतर मी मॅक्फर्सन चौकशीचा, म्हणजे या खुनाचा तपास पोलिसांनी कसा केला याच्या सार्वजनिक चौकशीचा, अहवाल वाचायला घेतला. रोज थोडा थोडा वाचून आता संपलाय, आणि तो मनातून जात नाही म्हणून इथे लिहितेय.

स्टीफन अठरा वर्षांचा. आईवडील, डोरीन आणि नेव्हिल, मूळचे जमैकाचे. पोरगा ए-लेव्हलला (आपल्या बारावीसारखं) शिकत होता, आर्किटेक्ट व्हायचं होतं. २२ एप्रिल १९९३, गुरुवार, रात्री साडेदहानंतरची वेळ. तो आणि त्याचा मित्र डुवेन ब्रुक्स घरी जायला बस शोधत होते. बस येतेय का ते पाहायला स्टीफन जरा पुढे गेला. पलीकडून पाच-सहा गोऱ्या पोरांचं टोळकं वर्णावरून शिवी देत धावून आलं. काही सेकंदांत सगळं झालं. दोन खोल वार. तशा अवस्थेत तो डुवेनच्या मागोमाग शंभर मीटरहून जास्त पळाला आणि कोसळला.

इथून पुढचं नीट वाचा. पोलीस पोचले, पण जखम कुठे आहे हे कोणी बघितलं नाही, रक्त थांबवायचा प्रयत्न कोणी केला नाही. प्रार्थनेहून घरी निघालेलं एक जोडपं त्याला बघून थांबलं. त्या बाई त्याच्या डोक्यावर हात ठेवून, कोणीतरी त्याच्यावर माया करतंय असं त्याच्याशी बोलत राहिल्या. गणवेशातल्या माणसांनी तेवढंही केलं नाही.

आणि डुवेन. डोळ्यांदेखत मित्र पडलेला, स्वतः थोडक्यात वाचलेला मुलगा. घटनेचा सगळ्यात महत्त्वाचा साक्षीदार. तो घाबरून, चिडून ओरडत होता की रुग्णवाहिका अजून का येत नाही. पोलिसांच्या लेखी तो 'आक्रमक' ठरला. तुमचं आधी कोणाशी भांडण झालं होतं का, या धाटणीची चौकशी सुरू झाली. दोन काळी पोरं, रात्रीची वेळ, रक्त, म्हणजे मारामारी असणार, हे आधी ठरलं आणि बाकीचं नंतर. हल्लेखोर कुठल्या दिशेने पळाले हे तो सांगत होता. त्या दिशेचा शोध जसा आणि जेवढ्या तातडीने घ्यायला हवा होता तसा घेतला गेला नाही.

दुसऱ्या दिवशी, २३ एप्रिलला, एक माणूस ठाण्यात येऊन नावं सांगून गेला. निनावी चिठ्ठ्याही आल्या. वस्तीत ती नावं सर्वांना ठाऊक होती. तरी अटक नाही. घरांवर पाळत ठेवली, आणि पाळतीवरच्या माणसाने एका संशयिताच्या घरातून कोणीतरी काळी पिशवी भरून बाहेर नेताना फोटो काढला. पिशवीत काय होतं ते आजतागायत कळलेलं नाही. कारण त्याच्याकडे कोणाला कळवायला फोनच नव्हता.

डोरीन लॉरेन्स यांनी चौकशीत सांगितलेला एक प्रसंग आहे. लोकांनी त्यांना सांगितलेली नावं त्यांनी कागदावर लिहिली आणि एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती दिली. बोलता बोलता तो अधिकारी त्या कागदाच्या घड्यांवर घड्या घालत राहिला, इतक्या की हातात बारीकशी गोळी उरली. मुलगा जाऊन दोन आठवडे झाले होते. त्याच दिवशी, ६ मेला, लंडनमध्ये आलेले नेल्सन मंडेला या कुटुंबाला भेटले. ७ मेच्या सकाळी पहिली अटक झाली.

पुढचा प्रवास थोडक्यात. जुलै १९९३ मध्ये पुरावा अपुरा म्हणून सरकारी वकिलांनी दोघांवरचे आरोप मागे घेतले. आईवडिलांनी स्वतः खाजगी खटला भरला. १९९६ मध्ये ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयात न्यायमूर्तींनी डुवेनची ओळख पटवण्याची साक्ष ग्राह्य धरली नाही आणि तिघे निर्दोष सुटले. फेब्रुवारी १९९७ मध्ये मृत्यू कसा झाला हे ठरवणाऱ्या वेगळ्या न्यायिक चौकशीत (इन्क्वेस्ट) ज्यूरीने एकमुखाने सांगितलं की पाच गोऱ्या तरुणांनी विनाकारण, वंशद्वेषातून केलेला हा खून आहे. दुसऱ्या दिवशी डेली मेलने पाच जणांचे फोटो पहिल्या पानावर 'खुनी' अशा मथळ्याखाली छापले आणि खोटं असेल तर आमच्यावर दावा लावा म्हटलं. दावा कोणी लावला नाही. मग सरकार बदललं, मॅक्फर्सन चौकशी लागली, आणि २४ फेब्रुवारी १९९९ ला अहवाल आला. शिक्षा झाली ती ३ जानेवारी २०१२ ला दोषी ठरल्यावर, फक्त दोघांना : गॅरी डॉब्सन आणि डेव्हिड नॉरिस.

मला जे म्हणायचंय ते हे. आपण 'पक्षपाती न्याय' म्हटलं की न्यायाधीश आणि ज्यूरीकडे बोट दाखवतो. इथे कोर्टात पोचेपर्यंत निकाल लागून गेला होता. कोणाचं दुःख खरं मानायचं आणि कोणाकडे संशयाने बघायचं, हे त्या रात्री फुटपाथवर ठरलं. कोर्ट फाईलमध्ये असेल तेवढंच बघू शकतं.

सह्याद्री७१
छान लिहिलंय, पण एक शंका. वस्तीला नावं माहीत असणं वेगळं आणि कोर्टात सिद्ध होणं वेगळं. आपल्याकडेही गावात सगळ्यांना माहीत असतं. १९९६ मध्ये न्यायाधीशांनी साक्ष नाकारली, तर त्यात वंशभेद कुठे आला?

मेधा_लंडन
न्यायाधीशांच्या त्या निर्णयाला मी वंशभेद म्हणत नाही. अंधारात काही सेकंद पाहिलेले चेहरे, त्यावर कायद्याने शंका घेतली. म्हणूनच बाकीचा पुरावा हवा होता. कपडे, सुरे, घरझडती, ज्याने पाहिलं त्याच्याशी त्याच आठवड्यात नीट बोलणं. ते सगळं वेळेवर झालं असतं तर एकट्या डुवेनच्या नजरेवर खटला टांगला गेला नसता.

निवृत्त_फौजदार
मी महाराष्ट्र पोलीस दलात तेहेतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तपासात. धागा दोनदा वाचला.

खुनाच्या तपासात पहिले चोवीस तास म्हणजे सगळं. घटनास्थळाला दोरी लावायची, पंच बोलवायचे, पंचनामा जागेवरच लिहायचा. संशयिताचं नाव मिळालं की आधी अंगावरचे कपडे. पंचांसमक्ष जप्त करायचे, वाळवून कागदात गुंडाळायचे, सील मारायचं. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबले की रक्ताचा नमुना कुजतो, हे मला माझ्या पहिल्या हवालदारांनी शिकवलं. नाव मिळाल्यावर चौदा दिवस थांबणं म्हणजे आरोपीला धुवायला चौदा दिवस देणं.

तुम्ही लिहिलं नाहीत म्हणून मी लिहितो, कारण हे समजल्याशिवाय २०१२ चा निकाल समजणार नाही. डॉब्सनचं जाकीट ७ मे १९९३ ला जप्त झालं होतं. पुढे नव्या प्रयोगशाळेने ते पुन्हा तपासलं तेव्हा कॉलरच्या विणीत रक्ताचा एक ठिपका मिळाला, अर्धा मिलीमीटर बाय पाव मिलीमीटर. मोहरीचा दाणाही त्याहून मोठा. डीएनए स्टीफनचा निघाला. नॉरिसच्या जीन्सच्या पिशवीत एक-दोन मिलीमीटरचे केसाचे तुकडे मिळाले. चौदा दिवसांनी एवढं उरलं होतं, तर पहिल्या दिवशी काय मिळालं असतं ते ज्याने तपास केलाय त्याला सांगावं लागत नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा आक्षेप आहे. याला मी गलथानपणा म्हणेन. माणसं कमी, कामाचा बोजा, वरिष्ठांचं लक्ष नाही. असा गलथानपणा मी स्वजातीच्या मयताच्या बाबतीतही पाहिलाय. प्रत्येक चुकीला वंशभेद म्हटलं की पोलीस कानच बंद करतात.

मेधा_लंडन
फौजदार साहेब, तुमचा प्रतिसाद वाचून बरं वाटलं, आणि प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारलात. लंडन पोलिसांचं म्हणणंही हेच होतं. मॅक्फर्सन यांचा निष्कर्ष तीन गोष्टी एकत्र घेऊन आहे : व्यावसायिक अकार्यक्षमता, संस्थात्मक वंशवाद आणि वरिष्ठांच्या नेतृत्वाचं अपयश. म्हणजे तुमचा गलथानपणा त्यात आहेच.

'संस्थात्मक' या शब्दावरून तेव्हा इथे मोठं रान उठलं होतं. प्रत्येक शिपाई वंशद्वेष्टा आहे असं अहवाल म्हणत नाही. रंग, संस्कृती किंवा वंश यामुळे एखाद्या समाजाला नीट सेवा देण्यात सबंध संस्थाच कमी पडते, आणि ते नकळत, अज्ञानातून, ठरीव समजुतींमधूनही होतं, असं त्यांचं म्हणणं आहे. गलथानपणा सगळीकडे असतो हे कबूल. पण तो कोणाच्या वाट्याला येतो? मेलेल्या मुलाच्या मित्राला आक्रमक ठरवायला कामाचा बोजा कारणीभूत नसतो. हा खून वंशद्वेषातून झाला हे मानायला काही अधिकारी चौकशी सुरू झाली तेव्हाही तयार नव्हते. मृत्यूच्या चौकशीतल्या ज्यूरीला ते साध्या पुराव्यावरून दिसलं होतं.

आणि डुवेनचं पुढे काय झालं बघा. खुनानंतर दोन आठवड्यांनी वेलिंगला वंशद्वेष्ट्या पक्षाच्या पुस्तकांच्या दुकानावर मोर्चा निघाला, त्यात तो होता. त्यावरून त्याच्यावर गुन्हा दाखल झाला. न्यायाधीशांनी तो खटला चालू दिला नाही. साक्षीदाराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची तयारी मात्र पूर्ण झाली होती.

साउथॉलकर
मी १९८८ पासून इथे आहे. आपल्या मंडळींना वाटतं हे काळ्या लोकांचं प्रकरण, आपला काय संबंध. म्हणून सांगतो. स्टीफनच्या नऊ महिने आधी, जुलै १९९२ मध्ये, त्याच एल्टममध्ये रोहित दुग्गल नावाच्या शाळकरी मुलाला भोसकून मारलं होतं. त्याआधी फेब्रुवारी १९९१ मध्ये जवळच्या थेम्समीडला रोलन ॲडम्स. तोही पोरसवदाच. सगळ्या जागा एकमेकांपासून काही मैलांवर.

तेव्हा माझं छोटं दुकान होतं, दुसऱ्या भागात. एका वर्षात तीन वेळा काच फोडली, शटरवर घाण लिहिली. ठाण्यात गेलो तर वहीत 'पोरांचा उपद्रव' असं लिहून घेतलं. भिंतीवर काय लिहिलंय ते लिहून घ्या म्हटलं तर म्हणाले, त्याने काय फरक पडतो? तिसऱ्या वेळी मी गेलोच नाही. १९९९ च्या अहवालात एक शिफारस आहे : बळी पडलेल्याला किंवा इतर कोणालाही जी घटना वंशद्वेषाची वाटते, तिची नोंद तशीच करायची. पोलिसाला काय वाटतं ते नंतर. मेधाताई, सत्तर शिफारशींतली ही एक वाचून मी दुकानात एकटा बसून रडलो होतो.

ॲड_ना_शि_क
दोन कायदेशीर मुद्दे, कारण वर 'आईवडिलांनी खाजगी खटला भरला' हे एका वाक्यात गेलंय आणि त्यात मोठी शोकांतिका आहे.

इंग्लंडमध्ये एकदा निर्दोष सुटलेल्या माणसावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नसे, शेकडो वर्षांचा नियम. म्हणजे १९९६ ला जे तिघे सुटले, त्यांच्यासाठी दार कायमचं बंद. सरकार करत नाही म्हणून आईवडिलांनी पदरमोड करून, लोकवर्गणीने, विनामोबदला उभ्या राहिलेल्या वकिलांच्या जोरावर खटला भरला, आणि अपुऱ्या पुराव्यामुळे त्याच खटल्याने आरोपींना कवच दिलं. मॅक्फर्सन यांनी हा नियम तपासून बघा अशी शिफारस केली. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने गंभीर गुन्ह्यांपुरता, नवा आणि सबळ पुरावा असेल तर, अपील न्यायालयाच्या परवानगीने अपवाद केला. २००५ पासून तो लागू झाला. २०११ मध्ये डॉब्सनची सुटका रद्द ठरवून नवा खटला चालला. नॉरिस १९९६ ला ओल्ड बेलीपर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळे त्याच्याबाबत ही अडचण नव्हती. गुन्ह्याच्या वेळी दोघे अल्पवयीन असल्याने शिक्षाही त्या हिशोबाने : डॉब्सनला किमान १५ वर्षं २ महिने, नॉरिसला किमान १४ वर्षं ३ महिने.

दुसरा मुद्दा माझ्या मनातल्या भीतीचा. आपल्याकडे घटनेचं कलम २०(२) आहे, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०० होतं : एकाच गुन्ह्यासाठी दोनदा खटला नाही. हे संरक्षण सैल करायचं म्हणजे ज्या पोलिसांनी पहिला तपास बिघडवला त्यांच्याच हाती दुसरी संधी द्यायची. लॉरेन्स कुटुंबाला न्याय मिळाला याचं मला समाधान आहे. तरीही हा अपवाद आपल्याकडे आणायला मी विरोध करेन. इथे दुसऱ्यांदा कोणाला उचलतील ते मला माहीत आहे.

पालावरची_शाळा
वकील साहेबांच्या शेवटच्या वाक्यावर लिहायला आलो.

मी पालावर वाढलो. गावात घरफोडी झाली की पहाटे जीप यायची, आणि घरातले बापे माणसं पांघरुणासकट उठून रानात पळायची. चोरी कोणी केली हे कोणालाच माहीत नसायचं, पण उचलायचं कोणाला हे ठरलेलं. आमच्यातल्या कित्येक जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का पुसला म्हणतात. कागदावर पुसला. यादी ठाण्यातल्या माणसांच्या डोक्यात राहिली.

महाराष्ट्रातल्याच एका खटल्याबद्दल सांगतो, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. जून २००३, बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, एकाच कुटुंबातली पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार. भयंकर गुन्हा. भटक्या जमातीतल्या सहा मजुरांना पकडलं. खालच्या कोर्टात सहा जणांना फाशी. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली, तिघांना जन्मठेप दिली. २००९ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, तेही नंतर सिद्ध झालं.

मग फेरविचारात प्रकरण परत उघडलं. फाईलमध्ये पहिल्या दिवसापासून काय पडून होतं? त्या रात्री वाचलेल्या बाईने पोलिसांच्या अल्बममधले फोटो बघून चार माणसं ओळखली होती. चारही जण वेगळे. त्यांच्याविरुद्ध तपासच झाला नाही. ५ मार्च २०१९ ला सहाही जण निर्दोष सुटले, सोळा वर्षं आत काढून. प्रत्येकाला पाच लाख भरपाई. आरोपी भटक्या जमातीतले, अगदी गरीब मजूर आहेत, त्यामुळे त्यांना खोटं गुंतवल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं न्यायालयाने स्वतः लिहिलंय. चुकार अधिकारी शोधून त्यांच्यावर कारवाई करा असंही सांगितलं.

मेधाताईंच्या मुलीने विचारलं, नावं माहीत असून का पकडलं नाही. आमच्याकडे ओळखलेले चेहरे सोडून दुसऱ्यांना पकडलं. लंडनमध्ये मेलेल्याच्या बाजूच्या माणसावर विश्वास ठेवला नाही, इथे वाचलेल्या बाईवर ठेवला नाही. त्या बाईलाही न्याय मिळाला नाही हे लक्षात घ्या. तिची माणसं मारणारे मोकळेच राहिले.

निवृत्त_फौजदार
पालावरची_शाळा, तुमचा प्रतिसाद काल रात्री वाचला, आज लिहितोय.

यात्रेच्या आधी 'रेकॉर्डवरच्या' लोकांना आणून बसवण्याचं काम मीही केलंय. आदेश होता, तेव्हा वावगं वाटलं नाही. त्यात एक म्हातारे होते, दर वर्षी जीप दिसली की स्वतःच चप्पल घालून तयार व्हायचे. मी त्यांना कधी कुठल्या गुन्ह्यात पाहिलं नाही. गलथानपणा या शब्दात ते म्हातारे बसत नाहीत. वरचा माझा आक्षेप मी मागे घेतो.

सह्याद्री७१
वरचं सगळं वाचून विचारतो, अहवालानंतर लंडनमध्ये काही बदललं का?

मेधा_लंडन
बदललं आणि नाही बदललं. वंशद्वेषी गुन्ह्यांची नोंद, पीडित कुटुंबाशी बोलायला प्रशिक्षित अधिकारी, हे आलं. पण २०१३ मध्ये एका माजी गुप्त पोलिसाने सांगितलं की खुनानंतर लॉरेन्स कुटुंबाविरुद्ध काही घाण सापडते का ते शोधायला त्याला सांगण्यात आलं होतं. मुलगा गमावलेल्या घरावर हेरगिरी! त्यावरून आणखी एक सार्वजनिक चौकशी बसवावी लागली. आणि मार्च २०२३ मध्ये बॅरोनेस केसी यांच्या अहवालाने लंडन पोलिसांना पुन्हा संस्थात्मकरीत्या वंशवादी म्हटलं, शिवाय स्त्रीद्वेष्टे आणि समलैंगिकद्वेष्टेही. मॅक्फर्सननंतर चोवीस वर्षांनी. हल्लेखोरांपैकी बाकीच्यांना आजही शिक्षा नाही.

स्टीफनला इथे पुरलेलंही नाही. कबरीची विटंबना होईल या भीतीने आईवडिलांनी त्याला जमैकाला नेलं.

केतकी_मँचेस्टर
सुन्न झाले. त्या थांबलेल्या जोडप्याबद्दल अजून काही माहीत आहे का? आणि तो दगड बघायचा तर कसं जायचं?

मेधा_लंडन
त्या गृहस्थांची साक्ष अहवालात आहे. त्या रात्री घरी गेल्यावर त्यांनी भांड्यात पाणी घेऊन हातावरचं रक्त धुतलं. ते पाणी मोरीत ओतवेना. मागच्या अंगणात गुलाबाचं खूप जुनं मोठं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी नेऊन ओतलं. चौकशीपुढे ते म्हणाले की त्या अर्थाने तो थोडासा जगतोय.

दगडाकडे जायला एल्टम स्टेशनला उतर. स्टेशन वेल हॉल रोडवरच आहे, तिथून शूटर्स हिलच्या दिशेने चालत जायचं. त्याच्यावर खूप वेळा हल्ले झालेत. अहवाल आला त्याच आठवड्यात कोणी तरी त्यावर रंग फासला होता.

मी परवा रविवारी मुलीला घेऊन गेले. नाव आणि दोन तारखा आहेत, १९७४ आणि १९९३. तिने खाली बसून वाचल्या, वजाबाकी केली. मग तिला डिक्सन रोडच्या कोपऱ्यापासून दगडापर्यंतचं अंतर मोजायचं होतं, जेवढं तो वार झाल्यावर पळाला तेवढं. आम्ही दोघी फुटपाथवरून पावलं मोजत आलो. माझी दीडशेच्या वर झाली. तिची त्याहून जास्त.